दाराबाहेरच्या चपला

मला माझ्या बायकोचा हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकतो. भावाचा, शेजाऱ्याचा, हेडमास्तरांचा हेवा वाटला तर लोक समजून घेतात. बायकोचा म्हटलं की हसतात. हसा बापडे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी चुडाव्याला प्राथमिक शाळेत मास्तर होतो. वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने आमच्या विहारात रोज दिवेलागणीला धम्मग्रंथाचं वाचन व्हायचं आणि वाचायला मी बसायचो. अंगात पांढरे कपडे, समोर चौरंग, बाजूला गॅसबत्ती. वस्तीत शिकलेले आणखी दोघं होते, पण एकाची जीभ अडखळायची आणि दुसरा नोकरीला नांदेडला गेला. त्यामुळे सलग सहा वर्षं ते आसन माझ्याकडे होतं आणि ते मला माझ्या मालकीचं वाटायला लागलं होतं.

याच्या जोडीला माझा एक चोरटा उद्योग होता. मी टोपणनावानं रहस्यकादंबऱ्या लिहायचो. पूर्णेला पुस्तकं भाड्यानं देणारं एक दुकान होतं, तिथं त्या दोरीला टांगलेल्या असायच्या. संध्याकाळी लोकांकडून प्राणिहत्या न करण्याचं शील म्हणवून घ्यायचं आणि पहाटे उठून कागदावर कुणाचा तरी मुडदा पाडायचा, असा माझा दिनक्रम. विहारात हे कळलं असतं तर माझी इज्जत राहिली नसती. माहीत होतं फक्त बायकोला, कारण माझं अक्षर प्रकाशकाला लागायचं नाही आणि पक्की प्रत तीच करायची. ती सातवी पास होती, अक्षर टपोरं.

त्या वर्षी प्रकाशकानं घाई लावली. मी बायकोला म्हणालो, "आठ दिवस विहारात तू वाच. मला फुरसत नाही."

"मला जमंल का?"

"न जमायला काय झालं? छापलेलं तर वाचायचंय."

चौथ्या दिवशी पाय मोकळे करायला म्हणून विहारावरून गेलो आणि दाराबाहेरच्या चपला बघून थबकलो. बारीकसारीक मोजायची मला खोडच होती, लिहिण्याच्या धंद्यातली. माझ्या वाचनाला बारा-पंधरा जोड असायचे. त्या दिवशी अठ्ठावीस होते. मी भिंतीला टेकून ऐकत राहिलो. ती एक पान वाचायची, थांबायची आणि मान वर करून विचारायची, "ह्या ठिकानी तुमी असत्या तर काय केलं असतं?" आणि बाया बोलायच्या! एकमेकींना अडवून, हसून, कधी डोळे पुसत. माझ्या सहा वर्षांत तिथं खोकल्याशिवाय कुणाचा आवाज निघाला नव्हता. मी मनात म्हणालो, हे वाचन आहे की पाणवठा? पण तो राग नव्हता. जळत होतो मी, दुसरं काही नाही.

आठवा दिवस संपल्यावर मी तिला म्हणालो, "तुझा घसा बसलाय. उद्यापासून मीच वाचतो." तिचा घसा ठणठणीत होता.

"बरं," ती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

दुसऱ्या दिवशी वीस जोड, चार दिवसांनी चौदा. मीही मधे थांबून प्रश्न विचारून बघितला. कुणी लगेच बोलेना, तेव्हा उत्तर मीच देऊन टाकलं आणि पुढं वाचायला लागलो. ती बायांमध्ये मागं बसलेली असायची. तिच्याकडे बघायचं मी टाळायचो.

मग एकदा पावसानं सगळं ठप्प झालं. शाळेचं छत गळायला लागलं, पोरांना दुपारीच सोडून दिलं. रानात चिखल झाल्यामुळे खुरपण बंद होतं. मी घराशी आलो तर माझ्याच दाराबाहेर चपला! मोजले, अकरा जोड भरले. मग ओट्यावर नजर गेली. सगळा ओटा चिखलाच्या पावलांनी भरला होता, अनवाणी पावलांनी. आमच्या निम्म्या बायांच्या पायात काही नसायचंच. विहाराबाहेर इतके दिवस मी चपला मोजत होतो आणि या बाया माझ्या मोजणीत कधी आल्याच नव्हत्या.

आत बायकोचा आवाज चालू होता. ग्रंथ तर विहारात होता. मी कान दिला. पक्की प्रत करायला दिलेली माझी कादंबरी ती वाचत होती.

गोष्ट अशी, की एका बंगल्यातल्या डॉक्टरला माठातल्या पाण्यातून विष दिलं जातं. माझा गुप्तहेर पुतण्याला, कंपाउंडरला, स्वयंपाकिणीला, सगळ्यांना विचारून झाला होता. शेवटी मी पुतण्याला पकडणार होतो. बायको त्याच्या आधीच थांबली. "आता तुमी सांगा. कुनी केलं असंल?"

आमच्या वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई म्हणाली, "ती अंगन झाडनारी हाय न्हवं? पहिल्या पानावर झाडून गेली ती. तिला कुनी का इचारलं न्हाई?"

"तिला माठाला हात लावू देत न्हाईत ना, आजी," बायको म्हणाली.

"म्हनून तर! हात लावत न्हाई म्हनून तिच्यावर कुनाचा वहीमच न्हाई. मारायचं न्हवतं तिनं, पाप हाय ते. पन रोज तहानलेली घराकडं गेली आसंल की ती." जरा थांबून ती म्हणाली, "लिवनारा आपल्यातला दिसत न्हाई. आपल्यातला आसता तर त्यानं तिला इचारलं आसतं."

बायको यावर काय बोलते म्हणून मी श्वास रोखून उभा होतो. तिनं माझं नाव फोडलं नाही, नुसते कागद आवरले. मला आत जायची हिंमत झाली नाही. बाया आपापल्या घरी जाईपर्यंत मी स्टेशनच्या बाकावर बसून राहिलो. लाज वाटत होती. आणि खरं सांगायचं तर त्या लाजेतही हेवा होताच. माझी स्वतःची गोष्टसुद्धा तिच्या तोंडी माझ्यापेक्षा चांगली लागत होती.

पुढच्या तीन पहाटे मी शेवटची प्रकरणं फाडून नव्यानं लिहिली. पुतण्याला सोडलं. गुप्तहेराला अंगणात पाठवलं, झाडणारीसमोर बसवलं. कुणाचं ऐकून हे लिहिलं ते न सांगता मी कागद बायकोसमोर ठेवले.

ती पक्की प्रत करायला बसली. मी समोर वर्तमानपत्र धरून तिचा हात बघत होतो. गुप्तहेर झाडणारीला पाणी हवं का विचारतो, त्या ओळीवर पेन थांबलं. तिनं ओळ पुरी केली, पेनाला टोपण लावलं आणि माझ्याकडे बघितलं.

"ओट्यावरनं ऐकलं तर तुमी," ती म्हणाली. "मग आज आसनावर कोन बसनार?"

मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "तू."

त्या संध्याकाळी मी दाराजवळ, त्या म्हातारीच्या शेजारी बसलो. बायकोनं पान वाचलं, मान वर केली आणि प्रश्न विचारला. बराच वेळ कुणी बोललं नाही. उत्तर मला येत होतं, अगदी ओठावर आलं होतं. मी ते गिळलं आणि म्हातारी काय म्हणते ते ऐकायला तिच्याकडे वळलो.