उदगीरच्या गाण्यातली रिकामी जागा

शुक्रवार आला की माझी तारांबळ उडते. जगभरातली पोरं आपली नवीन गाणी शुक्रवारीच सोडतात आणि आमच्या घरातली सगळी कामंही नेमकी शुक्रवारीच निघतात. सासूबाईंच्या गोळ्या आणा, गिरणीत दळण टाका, ऑफिसात साहेबांची मीटिंग. त्यातून मी वेळ काढते, कारण मला नवीन बँड शोधायचा नाद आहे. गाजलेले नकोत. ज्यांना अजून त्यांची सख्खी मावशीसुद्धा ऐकत नाही, असे. गिटार, ड्रम, एखादा चिडका नाहीतर रडवेला आवाज, आणि घरातल्याच खोलीत उरकलेलं रेकॉर्डिंग. आवडलं तर माझ्या चॅनलवर चार ओळी लिहून टाकते की बाबांनो, हे ऐका. चॅनलवर दोन-अडीचशे माणसं असतील. निम्मी माहेरची आणि ऑफिसची, भिडेखातर आलेली. उरलेली खरंच ऐकतात आणि माझ्याशी भांडतात. भांडण मला आवडतं.

मी लातूरला एका सरकारी ऑफिसात कारकून आहे. पंचेचाळिशी उलटली. नवरा अधूनमधून विचारतो, "तुला ह्यातनं मिळतं काय?" मी विचारते, तुम्हाला क्रिकेट बघून काय मिळतं? की विषय बंद.

ऐकायची माझी पद्धत ठरलेली आहे. सकाळी पोळ्या लाटताना, दुपारी टेबलावर, संध्याकाळी भाजी निवडताना. मोठ्यानं लावायची सोय नाही, सासूबाईंचं डोकं उठतं. म्हणून वायरचा हेडफोन. त्याचं एक टोक उजव्या कानात, दुसरं गळ्यात लोंबकळत. डावा कान घरासाठी मोकळा. सासूबाई गुडघ्यांमुळं आतल्या खोलीतून उठू शकत नाहीत, त्यांची हाक आली की जावं लागतं. कुकर आहे, दारची बेल आहे, आणि नळ आहे. आमच्याकडं नळ कधी येईल ह्याचा नेम नाही. शेजारणीची मोटार सुरू झालेली ऐकू आली की हातातलं टाकून टाकी भरायला पळायचं. ऑफिसात डावा कान साहेबांसाठी. ह्यात वेगळं काही आहे असं मला कधी वाटलंच नाही. माझ्या ओळखीच्या सगळ्या बायका असंच ऐकतात.

तर मागच्या हिवाळ्यात उदगीरच्या एका बँडचं पहिलं गाणं आलं. उदगीरचं नाव मी दोनदा वाचलं, मग विश्वास बसला. तीन पोरं आणि एक पोरगी, कुणाच्या तरी रिकाम्या गोडाऊनमध्ये रेकॉर्ड केलेलं. शब्द आपल्या बोलीतले, मधूनच एखादी कानडी ओळ. स्टँडवर लागलेल्या पण सुटतच नसलेल्या गाडीचं गाणं होतं ते. ऐकता ऐकता माझी पोळी करपली. त्यात एकच गिटार होती. ती एक ओळ वाजवायची आणि गप्प बसायची. परत एक ओळ, परत गप्प, आणि मागं नुसता ड्रम. ते गप्प बसणं मला इतकं आवडलं की ऑफिसला उशीर झाला तरी मी लिहूनच घराबाहेर पडले.

मी लिहिलं, "दोन-दोन गिटारी घेऊन गोंगाट करणारे रग्गड झाले. इथं एकच गिटार आहे. ती प्रश्न विचारते आणि उत्तराची जागा ह्या पोरांनी रिकामी सोडलीये. रिकामी जागा सोडायला छाती लागते. जरूर ऐका." लिहिलं आणि स्वतःवरच खूश झाले.

दुपारी नांदेडच्या एका वाचकानं विचारलं, "ताई, रिकामी जागा कुठंय?" मी सांगितलं, पहिल्या कडव्यानंतरच आहे, नीट ऐका. तो म्हणाला, "तिथं तर गिटार वाजायली." आणखी एकानं लिहिलं, दुसरी गिटार लई भारी. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. लोक गाणं न ऐकताच ठोकून देतात असं वाटलं. मी दोघांनाही चांगलंच सुनावलं, शांतता ऐकायला कान तयार लागतो म्हणून. ते गप्प बसले. आता वाटतं, हसून हसून गप्प बसले असतील.

संध्याकाळी एक मेसेज आला. "नमस्कार मॅडम. मी उदगीरच्या बँडमधली. तुम्ही आमच्याबद्दल लिहिलंत, थँक्यू. पण जिथं रिकामी जागा आहे म्हणताय, तिथं मी वाजवते."

मला काही सुधरेना. मी परत ऐकलं. ओट्याशी ऐकलं, गच्चीवर कपडे वाळत घालताना ऐकलं, आवाज वाढवून ऐकलं. कुठंच काही नाही. शेवटी तिला फोन लावला.

"अगं, मी माझ्या कानांनी ऐकलंय," मी म्हणाले.

"मॅडम, मी पण माझ्याच कानांनी ऐकलंय," ती म्हणाली. आवाज लहान होता, पण मागं हटणारा नव्हता.

मी डोकं चालवलं आणि माझ्या मते तिला शहाणपणाचं सांगितलं. पोरांनी ऐनवेळी तुझी गिटार काढून टाकली असेल आणि तुला सांगितलं नसेल, असं होतं कधी कधी. मग तिनं विचारलं, "तुम्ही लिहिलेलं बदलाल का? आमचे अप्पा वाचणारेत."

खरं सांगते, मला राग आला. कुणाच्या अप्पांसाठी मत बदलायला मी बसलेय का? तरी "बघते" म्हणाले आणि फोन ठेवला.

मंगळवारी ऑफिसात अप्पांचाच फोन. ते उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका आडत दुकानात वजनकाट्यावर असतात, हे त्यांनी आधी सांगितलं. मग म्हणाले, "लेक म्हणली, लातूरच्या एक म्याडम हाईत, त्यांना गाण्यातलं लई कळतं. त्या लिव्हतील, मग तुम्हाला पटंल मी काय करते ते. तुम्ही लिव्हलाव. चांगलं लिव्हलाव. एकच इचारायचंय. गिटारी एक हाय का दोन?"

खोटं बोलायचं नव्हतं, आणि माझं मत म्हणजे माझं मत. "मला तरी एकच ऐकू येते," मी म्हणाले.

"आणि ती एक पोराची हाय. एक पोराची, एक माझी, असं लेकच म्हणती."

"असेल."

"मग दर रविवारी गिटार घेऊन ही जाती कुठं?"

मी "अहो, तसं नाही," म्हणाले, पण मग कसं आहे ते मलाच ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "तुमच्यावर राग न्हाई म्याडम. तुम्ही खरं ते सांगितलाव," आणि फोन बंद झाला.

संध्याकाळी पोरीचा मेसेज. शनिवारी नांदेडला एका हॉलमध्ये त्यांचा पहिला कार्यक्रम होता. अप्पांनी गिटार कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं. "मी आता जाणार नाही, पोरांना कळवलंय," एवढंच तिनं लिहिलं होतं. मला दोन शब्द बोलली असती तर बरं वाटलं असतं. मी ते चॅनलवरचं लिहिलेलं काढायला घेतलं आणि थांबले. काढलं तर काय सांगून काढू? मला अजूनही एकच गिटार ऐकू येत होती.

पुढचे दोन दिवस माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. कधी वाटायचं पोरगी खोटं बोलतेय, आणि लगेच स्वतःची लाज वाटायची. कधी वाटायचं पोरं लबाड आहेत. कधी वाटायचं आपलेच कान गेले, डॉक्टरला दाखवावं. भाजीत मीठ दोनदा पडलं. सासूबाई म्हणाल्या, "कुणाच्या तंद्रीत हाईस गं?" त्यांना काय सांगणार, उदगीरच्या गिटारीच्या म्हणून?

गुरुवारी जेवणं झाल्यावर मी फोन आणि हेडफोन नवऱ्यापुढं ठेवला. ज्याला गाण्यातलं काडीचं कळत नाही असा माणूस पाहिजे होता. त्यांनी खुर्चीत मागं रेलून, पाय लांब करून, हेडफोनची दोन्ही टोकं कानात घातली. थोडं ऐकलं आणि म्हणाले, "दोन हायत की."

"कुठंयत?"

"एक इकडं, एक तिकडं." त्यांनी एकेक कान दाखवला.

मी त्यांच्या उजव्या कानातलं टोक ओढून माझ्या कानात घातलं. "ही एकच आहे."

"अगं, दोन्ही कानांत घाल ना."

"दोन्ही कानांत कोण घालतं?" मी ओरडलेच. "दोन्ही कानांत घातल्यावर तुमच्या आईची हाक कोण ऐकणार? नळ कोण ऐकणार?"

त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला. मग उठले, म्हणाले, "मी बसतो आईपाशी. ऐक तू," आणि खरंच आतल्या खोलीत गेले.

मी त्यांच्या खुर्चीत बसले आणि दोन्ही टोकं घातली. उजवीकडून पोराची गिटार आली, एक ओळ वाजवून थांबली, आणि डावीकडून दुसरीनं उत्तर दिलं. बारीक, थोडं उशिरानं, थोडं हट्टानं. प्रत्येक वेळी. त्या पोरांनी घरच्या घरी मिक्सिंग करताना एक गिटार पुरती उजव्या बाजूला टाकली होती आणि एक पुरती डाव्या बाजूला, बस. कुणीही ऐकलं असतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं होतं, पण राग कुणावर हे कळेना. इतकी वर्षं इतक्या गाण्यांबद्दल मी लिहिलं, लोकांना ऐकायला लावलं, त्यातल्या कितींची दुसरी बाजू माझ्या गळ्यात लोंबकळत होती? आणि सगळ्यात विचित्र म्हणजे मला ते अर्धं गाणंच जास्त आवडलं होतं. पूर्ण गाणं दाटीवाटीचं वाटलं. मग ही माझी आवड म्हणायची का सवय म्हणायची? मी गाणं परत लावलं, परत लावलं, आणि काही ठरवता येईना. नवरा दारात येऊन चहा ठेवू का विचारत होता म्हणे. मला ऐकू आलं नाही.

मग अप्पांना फोन केला आणि एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्याडम, परवा एक म्हणलाव, आज दोन म्हणताव. उद्या तीन म्हणसाल. काट्यावर माझं असं चालत न्हाई."

त्यांचं चुकलंच नव्हतं. मी शुक्रवारी अर्धी रजा टाकली आणि उदगीरची एसटी धरली. आयुष्यात पहिल्यांदा एका शुक्रवारी मी एकही नवीन गाणं ऐकलं नाही.

मोंढ्यात तुरीचे ढीग लागले होते आणि सौदे चालू होते. अप्पा उंच, वाळलेले, मिशीपर्यंत धुळीनं माखलेले. मी आलेली बघून आधी अवघडले, मग एका पोत्यावर गोणपाट टाकून मला बसायला दिलं आणि पाणी आणवलं. मी हेडफोन पुढं केला. त्यांनी एकच टोक घेतलं, नीट बघितलं, आणि उजव्या कानात घातलं.

"दोन्ही घाला," मी म्हणाले.

"दोन्ही कसं घालू? शेठ हाक मारंल."

मी त्यांच्याशी हुज्जत घातली नाही. कुणाशीही घातली असती, ह्या माणसाशी त्या दिवशी घालवेना. गाणं लावलं. ते मान खाली घालून ऐकत राहिले आणि म्हणाले, "एकच हाय की. तुम्ही पयलं बोललाव तेच खरं." मी ते टोक काढून घेतलं आणि दुसरं त्यांच्या हातात दिलं. गाणं पहिल्यापासून लावलं.

ते ऐकायला लागले आणि कपाळाला आठ्या पडल्या. "ह्यो तर घरचाच तुकडा हाय," ते म्हणाले. "रोज संध्याकाळी ह्योच वाजवून डोकं खाती. मी म्हणतो दुसरं काही येत न्हाई का तुला." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "ही ती हाय?"

"ती आहे."

मी पहिलं टोक परत पुढं केलं, दोन्ही मिळून ऐका म्हणून. त्यांनी घेतलं नाही. "ते पोराचं हाय ना? ऱ्हाऊ द्या." आणि मोकळ्या कानावर तळहात दाबून धरला. दुकानातून शेठनं हाक मारली. मग पुन्हा मारली. मी ऐकली. त्यांनी ऐकली नाही, की ऐकूनही तसेच बसले, मला सांगता येणार नाही. गाणं संपलं तरी त्यांनी हात काढला नाही.

मग म्हणाले, "उद्या ही नांदेडला गेली न्हाई, तर ह्या जागी काय वाजंल?"

"काहीच नाही," मी म्हणाले. "आणि लोकांना वाटेल, गाणं तसंच आहे."

त्यांनी वायरची घडी घालून माझ्या हातात ठेवली. उठून धोतराची धूळ झटकली आणि दुकानाच्या दाराशी जाऊन आत म्हणाले, "शेठ, उद्या मी येत न्हाई. नांदेडला लेकीचं वाजवणं हाय."