ट्रॅक्टर आल्यावर वाजणारा रेडिओ

गॅरेजवरून जाताना बॅटरीच्या ॲसिडचा उग्र वास आला की मला वडीगोद्रीचं रेडिओ-बॅटऱ्यांचं दुकान आठवतं. लग्नानंतरचा आमचा पहिलाच ऊस हंगाम होता. आमचे हे एका बागायतदाराच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते, आणि आम्ही कारखान्याजवळ एका जुन्या ट्रॉलीवर ताडपत्री ताणून राहत होतो. हे दिवसभर उसाच्या खेपा करायचे, मी एकटीच असायची, म्हणून यांनी रेडिओ घ्यायचं काढलं. "हा लहाना घे, सेलवर चालतो. मी नसलो तरी दिवसभर वाजंल," हे म्हणाले. मी मोठ्याकडं बोट दाखवलं. म्हातारे दुकानदार चाचा म्हणाले, "बेटी, हा सेल लय खातो. याला ट्रॅक्टरची बॅटरी बराबर. पण बाराच्या बारा व्होल्ट देऊ नका, अर्ध्या कप्प्यांवरूनच वायर घ्या, न्हाईतर जळून जाईल." "मंग ट्रॅक्टर घरी आल्यावरच वाजंल ना!" हे वैतागले. "वाजू द्या तवाच," मी म्हणाले. यांना वाटलं, हिला मोठा आवाज आवडतो. रोज दिवेलागणीला ट्रॅक्टर ट्रॉलीशी येऊन थांबायचा, उसाच्या चिकट वासानं भरलेले हे खाली उतरून आधी वायर जोडायचे, आणि ताडपत्रीखाली गाणं सुरू व्हायचं. आता पक्क्या घरात टीव्ही आहे, बटण दाबलं की लागतो. पण हे बाहेरून येतात तेव्हा तो बंदच असतो. "लाइट गेल्ती का?" हे रोज विचारतात. "आत्ताच आली," म्हणत मी बटण दाबते.