एकदोन काका आणि तिसरी शिट्टी

आमच्या काकांना अख्खी गल्ली एकदोन काका म्हणते. मावशीचा नवरा, धंदा फोटो काढण्याचा. बाहेरच्या खोलीत स्टुडिओ, मधे पडदा, पडद्यामागे स्वयंपाकघर. चौतीस वर्षांत त्यांनी गावाच्या तीन पिढ्या एकाच स्टुलावर बसवल्या आणि सगळ्यांचे डोळे बिघडवले.

बिघडवले म्हणजे असं. सुरुवातीला काका "एक, दोन, तीन" म्हणत आणि तीनला बटण दाबत. त्यांचा जुना फ्लॅश असा भडकायचा, की माणसाला पुढची दोन मिनिटं भिंतीवर हिरवे ठिपके दिसायचे. दुसऱ्यांदा येणारं गिऱ्हाईक शहाणं होऊनच यायचं. तीन म्हटलं की डोळे गच्च. मग काकांनी शक्कल लढवली आणि ते दोनलाच बटण दाबायला लागले. वर्षभरात गाव दोनला डोळे मिटायला शिकलं. काका एकवर आले. गावही आलं. आता एकच्या अलीकडे सरकायला जागाच उरली नव्हती.

सगळ्यात जास्त भोगलं ते मावशीने. नवा कॅमेरा आला, नवा दिवा आला, की पहिला फोटो तिचा. त्यामुळे घरात तिचे शेकड्यांनी फोटो आहेत आणि एकातही डोळे उघडे नाहीत. तान्ह्या लेकीला मांडीवर घेतलेल्या फोटोत लेक जागी आहे आणि आई झोपलेली.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण परदेशातल्या त्याच लेकीला दिवस गेले. आठवा महिना सरत आला आणि ती फोनवर रडकुंडीला येऊन म्हणाली, "आई, तू आल्याशिवाय मी दवाखान्यात पाऊल ठेवणार नाही." मावशीने बॅग भरली. आणि व्हिसाच्या कचेरीतून तिचा फोटो परत आला. दुसरा पाठवला, तोही परत. सोबत चिठ्ठी: अर्जदार जागा असावा. नवा फोटो द्यायला शुक्रवार शेवटचा दिवस होता. तो चुकला तर पुढची तारीख थेट दीड महिन्याने, म्हणजे बाळ येऊन जुनं झाल्यावर.

"दुसऱ्या फोटोवाल्याकडे जा ना," मी म्हटलं. गेली. तो काकांच्याच हाताखाली शिकलेला निघाला. "एक" म्हणाला, संपलं.

"काका, मुळात मोजताच कशाला? गुपचूप दाबा की बटण."

काकांनी खरंच प्रयत्न केला. त्यांना दरदरून घाम फुटला. "नाही गं. तोंडातून एक निघाल्याशिवाय बोटच खाली जात नाही."

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. त्यामुळे मला चेव आला. "मावशी, याला अभिसंधान म्हणतात. खाण्याआधी रोज घंटा वाजवली, की पुढे कुत्र्याच्या तोंडाला नुसत्या घंटेनेच पाणी सुटतं, तसं."

"कुत्रा कोणाला म्हणतेस गं?"

उपाय पुस्तकात होता. फ्लॅश न उडवता नुसतं "एक" म्हणत राहायचं, शंभर वेळा, दोनशे वेळा. सवय आपोआप विरते. बुधवारी दुपारी काका मोजायला बसले. साठाव्या एकला मावशी मिटलेल्या डोळ्यांनीच घोरायला लागली. नव्वदाव्याला काकांची मानही कलली. मी माझ्या पदवीकडे संशयाने पाहायला लागले.

तेवढ्यात आत कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि मावशीचे डोळे टक्क उघडले. गाढ झोपेतून! "गॅस!" म्हणत ती पडद्याआड पळाली. "सापडलं!" मी ओरडले आणि काकांकडे वळले, तर खुर्ची रिकामी. काका केव्हाच हात धुऊन जेवायला बसले होते.

गुरुवारी शेगडी आणि कुकर स्टुडिओत आणून कॅमेऱ्याच्या बरोब्बर मागे मांडले. पहिल्या खेपेला तिसरी शिट्टी झाली, मावशीचे डोळे उघडले, आणि काका हात धुवायला निघून गेले. बटण कुणी दाबलंच नाही. दुसऱ्या खेपेला मी त्यांचा शर्ट धरून ठेवला. फोटो निघाला, पण "अहो, गॅस!" म्हणून मावशी अर्धी उठलेली, तोंड सताड उघडं.

"तोंड मीट ना जरा," काका वैतागले.

"मिटते. गॅस कोण बंद करणार?"

"मी करतो."

"चौतीस वर्षांत केलाय कधी?"

काकांनी शेगडीकडे वाकून पाहिलं. गॅसचं बटण कुठल्या बाजूला फिरवायचं, हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं.

मग संध्याकाळी मी त्यांनाच शिकवायला घेतलं. कुकरमध्ये नुसतं पाणी. तिसऱ्या शिट्टीला हात गॅसकडे गेला तर एक बिस्कीट, बेसिनकडे गेला तर हातावर फूटपट्टी. चार बिस्किटांत काका तयार झाले. उंदरांना याहून जास्त वेळ लागतो, हे मी त्यांना कौतुकाने सांगितलं. त्यांना ते तितकंसं आवडलं नाही.

शुक्रवारी सकाळी काका एक हात गॅसवर आणि एक कॅमेऱ्यावर ठेवून उभे राहिले. पहिली शिट्टी. दुसरी. तिसरी. मावशीचे डोळे उघडले, ती उठणार, तेवढ्यात काकांनी गॅस बंद केला. मावशी होती तिथेच बसून राहिली. तोंड बंद, नजर समोर, अवाक. काकांनी बटण दाबलं. मोजायचं त्या गडबडीत ते विसरून गेले होते.

फोटो मंजूर झाला. त्यात मावशी भूत पाहिल्यासारखी दिसते, पण जागी आहे. आठवड्याभरात ती लेकीजवळ पोचली.

तीन आठवड्यांनी मी काकांकडे डोकावले. तिसरी शिट्टी झाली, काकांनी गॅस बंद केला, हात धुतले आणि रिकाम्या ताटासमोर बसून राहिले.

"काका, वाढून घ्यावं लागतं."

"हो गं. तेवढं अजून अंगवळणी पडत नाही."

मी वाढायला उठले, तोच फोन वाजला. फोनच्या पडद्यावर मावशी, मांडीवर आठ दिवसांची नात. काकांनी फोन समोर धरला आणि घसा साफ केला. "हं, इकडे बघा. हलू नका. एक..."

मावशीचे डोळे गच्च मिटले. नात आजोबांकडे टकामका बघत राहिली.

"बघ," काका मला म्हणाले, "विसरली नाही." आणि चष्मा काढून पुसायला लागले.