चकची चावी

ग्लेनिस सटक्लिफने चाळीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. रोज दोनशे पोरांचं रांधायचं आणि दुपारी दोनपर्यंत सगळं फस्त. निवृत्त झाल्यावर ती बहिणीला म्हणाली, "माझ्या हातचं काही टिकलंच नाही गं." आणि एका घराची आवराआवर चालली होती तिथून तिनं चक्क एक जुनं लेथ मशीन उचलून आणलं. तिला वाफेचं इंजिन करायचं होतं. पावाच्या डब्याएवढंच, पण खरोखर चालणारं. बहिणीनं कपाळावर हात मारला. मशीन आलं खरं, पण शिकवणार कोण?

यॉर्कशरमधल्या त्यांच्या गावात क्रिकेटच्या मैदानामागे हौशी इंजिनवाल्यांची शेड होती. दर बुधवारी सकाळी तिथे अकरा म्हातारे जमत, छोटी छोटी इंजिनं घडवत आणि त्याहून जास्त चहा पीत. ग्लेनिसनं विचारायचा अवकाश, जो तो गुरू झाला. एक म्हणे, आधी पितळ घे. दुसरा म्हणे, पितळाला हात लावू नकोस. अकरा जणांत गप्प होता तो एकटा वॉल्टर ऑकरॉइड. ऐंशीचा म्हातारा, कापडगिरण्यांचे माग बनवणाऱ्या कारखान्यात पन्नास वर्षं लेथवर उभा राहिलेला. ज्याला येतं तो फार बोलत नाही, हे ग्लेनिसला स्वयंपाकघरातच कळलेलं होतं.

"मला शिकवाल का?" तिनं थेट विचारलं.

"हौस आहे. दोन बुधवारांत जिरेल."

"नाही जिरली तर?"

वॉल्टरनं खालच्या खणातून लोखंडाचा एक ओबडधोबड ठोकळा काढला आणि कानशीसकट तिच्या हातात दिला. "याच्या सहाही बाजू काटकोनात आण. मग बघू."

"एवढी मशीनं असताना हातानं घासू?"

"हाताला कळलं नाही तर मशीनला कोण सांगणार, बाई?"

सहा बुधवार ती घासत होती. तळहाताला फोड आले. ती आल्याचा केक करून न्यायची. वॉल्टर तो मिटक्या मारत खायचा आणि खाता खाता ठोकळ्यातली खोट काढायचा. सातव्या बुधवारी त्यानं ठोकळ्याला काटकोन तपासायचा गुण्या लावून खिडकीशी धरला. फटीतून उजेडाची रेघही दिसली नाही.

"चहा घे, पोरी," तो म्हणाला. यॉर्कशरच्या मोजकं बोलणाऱ्या माणसाकडून याहून मोठी शाबासकी कुणी ऐकलेली नाही. एकसष्टाव्या वर्षी 'पोरी' म्हणवून घेताना ग्लेनिस लाजली.

मग लेथ. गरागरा फिरतो तो चक; त्याच्या जबड्यात लोखंड धरायचं आणि चावीनं आवळायचं. चावी चकमध्ये असेपर्यंत हात चावीवरून काढायचा नाही, हा शेडचा पहिला नियम. चावी तशीच राहिली आणि कुणी मशीन चालू केलं, तर ती गोफणीतल्या दगडासारखी सुटते. मशीन बंद असलं तरी चूक ती चूक. शिक्षा ठरलेली: महिनाभर मशीनला हात नाही, सगळ्यांचा चहा करायचा.

लेथवरच्या तिसऱ्याच बुधवारी ग्लेनिस चावी तशीच ठेवून चष्मा पुसायला वळली. वॉल्टरनं भिंतीवरचा विजेचा खटका पाडला आणि किटलीकडे बोट दाखवलं. ग्लेनिसनं महिनाभर मुकाट्यानं चहा केला. पण त्या महिन्यात अकराही म्हाताऱ्यांना पहिल्यांदा धड चहा मिळाला, हेही सांगायला हवं.

पुढच्या वसंतापर्यंत इंजिनाचं चाक झालं, दट्ट्या झाला. राहिलं सिलिंडर. त्याचं भोक आतून केसभरही चुकता कामा नये. त्या बुधवारी वॉल्टर म्हणाला, "आज मी दाखवतो, तू बघ." त्यानं सिलिंडर चकमध्ये आवळलं. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली. दोन शब्द बोलून तो परतला आणि बटणाकडे हात नेला.

चावी चकमध्येच होती.

ग्लेनिसनं धावत जाऊन भिंतीवरचा खटका पाडला. वॉल्टरनं चावीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. पन्नास वर्षांत हे झालं नव्हतं. त्यानं खुंटीवरचा कोट काढला. हा आता गेला की परत येत नाही, हे ग्लेनिसनं ओळखलं.

"कुठं निघालात?" ती दारात आडवी उभी राहिली.

"घरी. म्हातारा झालो."

"घरी जायचं नियमात नाही. नियमात चहा आहे. महिनाभर."

कोपऱ्यातून कुणीतरी खुदकन हसलं. वॉल्टर घटकाभर घुटमळला, मग कोट खुंटीला अडकवून किटलीकडे गेला. त्याचा चहा म्हणजे निव्वळ गढूळ पाणी होतं, पण सगळ्यांनी तो निमूटपणे प्यायला.

सिलिंडर ग्लेनिसनंच केलं, चार बुधवार लावून. मशीनला हात न लावता वॉल्टर किटलीपाशी पाठ करून उभा असायचा, कान मात्र इकडे. "पातं बोथट झालंय, आवाज ऐक," तो तिथूनच ओरडायचा. "चहा उतू जातोय तो बघा आधी," ती उलट सुनवायची. दोघंही मजेत होती.

महिना संपला. ग्लेनिसनं चावी त्याच्यापुढे धरली. "घ्या, सुटलात."

त्यानं तिची बोटं चावीवर मिटवली. "माझा हात विसरायला लागलाय, पोरी. तुझा आता विसरत नाही. तू चालव, मी कान देतो."

आणि तो पुन्हा किटली भरायला गेला.