दोघांनी ऐकलेली शीळ

आमच्या टोळक्यात एक नियम होता. दुर्मीळ पक्षी दोघांनी पाहिला किंवा ऐकला, तरच तो खरा. नियम माझ्या मित्राचा, आणि भलताच कडक. एकदा मी शपथेवर स्वर्गीय नर्तक पाहिल्याचं सांगितलं, तर म्हणाला, "साक्षीदार आण, मग बोल."

तो भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये पत्रे ठोकणारी प्रेस चालवायचा. मी शेजारच्या शेडमध्ये माल तपासायला. रविवारी आम्ही चार-पाच पाखरवेडे दुचाक्या काढून चाकणच्या पुढच्या एका देवराईत जायचो. चहूकडे गोदामं उठली होती, एवढी झाडी देवाच्या धाकानं राहिली होती. पक्षी आधी कानानं शोधायचा, हे मला त्यानंच शिकवलं. त्याला स्वतःला हवा होता तो शीळकरी कस्तूर. निळा-काळा पक्षी, माणूस रमतगमत शीळ घालतो तसा गाणारा. कोकणात त्याच्या घरामागच्या ओढ्यावर तो पावसाळाभर गायचा. आमच्या बाजूला तो जवळजवळ नाहीच. पण देवराईतला गुरव एकदा म्हणाला, "शीळ घालतंय कोनतरी, पन मानूस दिसत न्हाई." झालं, हा पेटला.

घाई होती, कारण त्याचे कान चालले होते. कानात घालायला मिळालेले बोळे हा खिशात ठेवायचा. प्रेसचा ठोका बदलला की डाय, म्हणजे आतला साचा, बिघडतेय हे त्याला सगळ्यांआधी कळायचं, आणि बोळे घातले की ठोका नीट कळत नाही, हे त्याचं म्हणणं. ह्या हुशारीवरून मी त्याच्याशी कितीदा भांडलो! पण त्याच्या कानांचं शेडभर कौतुक होतं, माझं कोण ऐकणार? बारीक आवाज आधी गेले. शिंजीर गेला, मग चष्मेवाला, मग वटवट्या. पक्षी फांदीवर असायचे, त्याच्यापुरते नसायचे. "जाड आवाजाचा भारद्वाज आहे अजून," असं तो हसून सांगायचा. त्या हसण्याचा मला राग यायचा, कारण मग मला रडताही येत नसे.

श्रावणातल्या एका सकाळी आम्ही दोघं ओढ्याच्या अलीकडे थांबलो, बाकीचे पलीकडून शोधत गेले. आणि शीळ आली. सावकाश, वाट चुकल्यासारखी. अंगावर काटा आला. मी त्याचा दंड धरला.

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि डोळे मिटले. "हां, तोच! काय गाताहा रे!"

पक्षी तेव्हा थांबलेला होता. नुसतं पाणी वाहत होतं. मी "हो" म्हणालो.

थोड्या वेळानं त्यानं डोळे उघडले, माझा चेहरा पाहिला. "तो कधी थांबलो?" त्यानं हळूच विचारलं. मग म्हणाला, "जाऊ दे. कसो गायलो, तेवढा दाखव."

मला कुठली धड शीळ येतेय? तरी घातली. तो माझ्या ओठांवर डोळे लावून बसला होता. प्रेसच्या गोंगाटात आयुष्य गेलं की माणसं ओठ वाचायला शिकतातच. माझं संपलं तशी त्यानं मान हलवली. "शेवट असो नाय." मग त्यानं स्वतः शीळ घातली, घरामागच्या ओढ्यावरची. हुबेहूब. शेवटचा सूर वर नेऊन अलगद सोडून दिला.

"बरोबर वाजली?"

मी मान डोलावली. तेवढ्यात झाडीतून त्याच्या शिळेला उत्तर आलं. तो चपलेतला चिखल काढत होता. मी त्याच्या खांद्याला हात लावून बोट दाखवलं. तो उठला, दोन्ही कानांमागे तळवे धरून झाडीकडे तोंड करून उभा राहिला. पक्षी जीव तोडून गात होता. हा हलला नाही. गाणं संपलं तरी हात तसेच होते, ते मीच खाली घेतले.

पलीकडचे धावत आले. पाण्याच्या आवाजात त्यांना धड काही कळलं नव्हतं. "कस्तूर होता का? दोघांनी ऐकला?"

"दोघांनी," मी म्हणालो.

त्यानं माझे ओठ वाचले होते.

"नाय," तो म्हणाला. "ह्यानं एकट्यानं. खरा धरू नका."