मी लावलेली चार लग्नं

आमच्या घराण्यात प्रत्येक पिढीत एक जण कुळाच्या गोष्टी सांगण्यात वाया जातो. या पिढीत तो मान माझ्याकडे आला आहे. बारसं असो, साठीशांत असो, जेवणं झाली की कुणीतरी मला 'सांगा' म्हणतं आणि मी मूळ पुरुषापासून सुरू करतो. बायको तेवढ्यात भांडी आवरून घेते. नऊ पिढ्या मला पाठ आहेत. कुणी अडवत नाही म्हणून मध्ये एखादी लढाईही घालतो.

त्यामुळे सिंगापूरला, वुडलँड्सच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवता जेवता लेकीने सांगितलं, की तिला एका स्कॉटिश मुलाशी लग्न करायचं आहे, तेव्हा मी मनातल्या मनात बाह्या सरसावल्या. बाकी सगळ्यांनी मात्र माझ्या आईकडे पाहिलं. आई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आली होती. तिने आमटीचा भुरका मारला.

"गोरा असू दे नाहीतर हिरवा. घराणं कुठलं?"

"आजी, तिकडे घराणं वगैरे नसतं गं."

"मग काय झाडाला लागला तो? चार पिढ्या दाखवा मला. सरळ संसार केलेली माणसं असली की झालं. नसली तर तुमचं तुम्ही करा, मी मांडवात येणार नाही."

लेक पाच वर्षांची होईपर्यंत पुण्यात आईजवळ वाढली होती. ती ताटावरून उठली नाही, पण घास खाली ठेवला. "आजी नाही तर मी पण उभी राहणार नाही. सांगून ठेवते."

दोघी एकाच मातीच्या. या बाबतीत वकील नेमूनही उपयोग नसतो.

"माझ्यावर सोडा," मी म्हणालो. या वाक्यानंतर आमच्या घरात आजवर बरंच काही बिघडलेलं आहे.

मुलगा चांगला होता. आई लहानपणीच गेलेली, वडील दुसरा संसार करून दूर गेलेले. त्याला आईच्या आईने, स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका कोळ्यांच्या गावात वाढवलं होतं. म्हणजे त्याचं घराणं ते आजीचंच. ती आजी तीन आठवड्यांनी सिंगापूरला चार दिवसांसाठी येणार होती आणि रविवारी आमच्याकडे जेवणार होती. त्या जेवणानंतर आई हो की नाही ते सांगणार होती.

मी कामाला लागलो. वुडलँड्स ते जुरोंग ईस्ट, ऑफिसला जाता-येता एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, फोनवर स्कॉटलंडची जुनी जन्ममृत्यूची नोंद चाळायची. सुरुवातीला फार बरं वाटलं. थोरल्या मुलाला आजोबांचं नाव, पुढच्याला आईच्या वडिलांचं. अगदी आपल्यासारखं! मी लोकांच्या काखांखाली उभा राहून एकटाच खूश होत होतो. पूर्ण दाखला उघडायला पैसे पडत होते, म्हणून मी फुकटच्या यादीवर भागवत होतो. यादीत फक्त नावं होती. मुलाचं, बापाचं, आईचं.

दुसऱ्या आठवड्यात, येऊ टिई स्टेशनच्या आसपास, मला घाम फुटला. एसी जोरात चालू होता.

आजीच्या वडिलांचं आडनाव एक, आईचं दुसरंच. त्यांच्या आधीच्या पिढीत तेच. त्याच्या आधीही तेच. चौथ्या पिढीतली बाई तर तीन मुलं होऊन, म्हातारी होऊन वारली, तरी मृत्यूच्या यादीत तिचं आडनाव वेगळंच. मी उतरायचं स्टेशन विसरलो. एक नाही, दोन नाही, चारही पिढ्यांत कुणी लग्नच केलं नव्हतं! आईला सरळ संसार हवे होते आणि मी तिच्यासाठी हे शोधून काढलं होतं.

बायकोला सांगितलं नाही. लेकीला सांगायची हिंमत नव्हती. मुलाला विचारणार तरी काय? 'तुझ्या पणजीचं जमलं होतं की झालं होतं?' आठवडाभर मी घरात अपराध्यासारखा वावरलो. आई रोज विचारायची, "किती पिढ्या आल्या?" आणि मी म्हणायचो, "येतायत."

शनिवारी मॉलमधल्या छपाईच्या दुकानात वंशावळ छापायला द्यायची होती. दुकानातल्या बाई सिंगापुरी सुरात म्हणाल्या, "फायनल आह?" मी म्हटलं, एक मिनिट. तिथेच उभ्या उभ्या चारही बायकांची आडनावं पुसली आणि प्रत्येकीला नवऱ्याचं आडनाव लावलं. दोन मिनिटांत चार लग्नं लागली. ना मुहूर्त, ना भटजी, ना जेवणावळ. वर मला पुण्य केल्यासारखं वाटत होतं.

रविवारी मुलाची आजी आली. ऐंशीची, बुटकी, पाठ ताठ, चेहरा उन्हाने लाल झालेला. आई जरीकाठाची साडी नेसून समोर बसली. दोघींनी एकमेकींना नमस्कार केला आणि मग शाळेच्या इन्स्पेक्टरसारखं एकमेकींकडे पाहिलं. लेक मध्ये बसून इकडचं तिकडे सांगत होती. भिंतीवर माझी वंशावळीची चौकट. इंग्रजीत आणि खाली आईसाठी मराठीत. आईने सकाळीच ती दोनदा वाचली होती आणि "बरं दिसतंय" एवढंच म्हणाली होती. आईच्या भाषेत हे जवळजवळ हो असतं.

जेवण झालं. आजीने चष्मा लावला आणि चौकटीपुढे उभी राहिली. वरून खाली वाचत आली. खालच्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"ही बाई कोण?"

"ग्रॅन, तुझी आई ना," मुलगा म्हणाला.

"माझ्या आईने हे नाव कागदावर एक दिवस लावलं नाही. कुणी बदललं?"

"कॉम्प्युटरने," मी म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं.

"नाही, मी ती यादी पाहिली आहे," मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला. "तिथे बरोबर आहे." जावई म्हणून हा मुलगा घातक आहे, हे मला तेव्हा कळलं.

आजी वळली. "तुम्ही बदललंत. चौघींचंही. का?"

लेक कुजबुजत आईला सांगत होती. मी हळूच म्हणालो, "सगळं नको सांगूस."

"सगळं सांग," आई म्हणाली.

मी इंग्रजीत सुरुवात केली, अडखळलो, पुन्हा केली. आडनावं वेगळी दिसली. आमच्याकडे लग्न झालं की बाईचं आडनाव बदलतं, बऱ्याचदा नावही. म्हणून मला वाटलं, की यांची लग्नं... झाली नसावीत. तुमची बेअब्रू होऊ नये म्हणून मी...

लेकीचा आवाज थांबला.

"का थांबलीस?" आईने विचारलं.

"आजी, आय कान्ट लाह." तिचे डोळे भरले होते. "बाबांनाच विचार."

मग मीच मराठीत सांगितलं. "आई, मला वाटलं चारही पिढ्या लग्नावाचूनच राहिल्या. तू नाही म्हणशील म्हणून मी नावं बदलली."

आजी आता मोठ्याने बोलत नव्हती, आणि ते जास्त वाईट होतं. तिच्याकडे बाईचं आडनाव मरेपर्यंत बापाचंच लिहिलं जातं, ती म्हणाली. लग्नाची तारीख दाखल्यावर खालीच असते. उघडून पाहायचा होता. तिची आई सोळाव्या वर्षापासून हेरिंग मासे साफ करायला बोटींच्या मागोमाग बंदरा-बंदरांतून फिरली. सुरी लागू नये म्हणून बोटांना चिंध्या बांधायची. तिच्या लाकडी पेटीवर तिने स्वतःचं नाव रंगाने लिहिलं होतं. "ते नाव तिने नवऱ्यासाठीसुद्धा सोडलं नाही. तुम्ही एका दुपारी उडवलंत." तिने पर्स उचलली. "चल रे बाळा."

मुलगा उभा राहिला. त्याने लेकीकडे पाहिलं. लेक माझ्याकडे पाहत होती. तशी तिने पुन्हा कधी पाहू नये.

"बसा म्हणावं त्यांना," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "खोटं कुणी केलं? त्यांच्या घराने की आपल्या?"

"आपल्या."

"मग मी कशाला कुणाच्या चार पिढ्या तपासतेय?" ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि लेकीला म्हणाली, "सांग त्यांना. माझ्या मुलाने तुमच्या आईचं नाव पुसलं. माझी काही हरकत नाही या लग्नाला. पण अशा घरात तुमचा नातू द्यायचा का, ते आता तुम्ही ठरवा."

लेकीने सांगितलं. आजीने आईकडे पाहिलं. पर्स हातातच होती. मग खुर्चीच्या अगदी कडेला टेकली.

"ठीक. तुमच्या चार पिढ्या सांगा," ती मला म्हणाली. "बायकांची नावं. जन्माची."

जन्मभर मला कुणीतरी 'सांगा' म्हणावं याची मी वाट पाहत आलो. आईचं माहेरचं नाव मामांच्या तोंडून ऐकलेलं होतं, ते सांगितलं. माझ्या आजीचं सांगितलं, आईने मध्येच दुरुस्त केलं. पणजीपाशी मी थांबलो. खापरपणजीपाशी तर थांबायलाही काही नव्हतं. नऊ पिढ्यांच्या पुरुषांची नावं जिभेवर येऊन रांगेत उभी होती, त्यांना कुणी विचारत नव्हतं.

"सापडली की कळवा," आजी म्हणाली. "मग मी सांगते." मुलगा तिला पोचवायला गेला. दुसऱ्या दिवशी ती स्कॉटलंडला परत गेली.

पुढचे अकरा दिवस घरात कुणी माझ्याशी नीट बोललं नाही. मी साताऱ्याच्या आत्याला फोन केले, कऱ्हाडच्या चुलत आत्याला केले, एका दूरच्या काकांना केला; त्यांनी मला अर्धा तास लढाईच सांगितली. ती मीच त्यांना कधीतरी सांगितली होती. अखेर कऱ्हाडहून पणजीचं नाव आलं, गावासकट. खापरपणजीचं नाही आलं. मुलाच्या आजीला निरोप लिहायला बसलो तेव्हा हात शिवशिवत होता. त्या काळातलं, त्या भागातलं एखादं शोभेल असं नाव घातलं असतं तर समुद्रापलीकडे कुणाला कळणार होतं? लेक मागे उभी होती.

मी लिहिलं : पणजीचं नाव हे. खापरपणजीचं कुणालाच माहीत नाही. विचारायला उशीर झाला.

दोन दिवसांनी मुलाच्या फोनवर आजीचा निरोप आला. लेकीने तो स्वयंपाकघरात मोठ्याने वाचला. "हे तरी खरं लिहिलंत. तारीख कळवा, मला तिकीट काढायचं आहे."

लेक आईच्या गळ्यात पडली. आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"पत्रिकेचा मजकूर तू लिहायचा नाहीस," ती म्हणाली.