पिस्टनचं दुसरं लॉक

माझे वडील बहिरे झालेत हे दोघांनाच माहीत होतं, त्यांना आणि मला. त्याबद्दल आम्ही एकमेकांशी कधी चकार शब्द काढला नाही.

आम्ही राहायला कळव्याला आणि गॅरेज माजिवड्याला, हायवेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये. नव्वदच्या आसपासचा काळ, ठाण्यात टू-स्ट्रोक गाड्यांचा नुसता धूर. वडिलांचं नाव होतं ते त्यांच्या कानामुळे. रस्त्यावरून गाडी गेली की हातातला चहा खाली न ठेवता सांगायचे, हिची रिंग गेलीय, महिन्याभरात इंजिन जाम होणार. आणि व्हायचं. लोक कल्याणहून टेम्पोत गाड्या घालून आमच्याकडे आणायचे. ह्या माणसाचा कान गेलाय हे फुटलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून कुत्रं फिरकलं नसतं. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मला त्यांनी आठ वर्षं कार्ब्युरेटर धुवायला बसवलेलं. लग्न झालेला, तिशीला टेकलेला माणूस मी, पण इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, बंद करायचं ते त्यांनीच. गॅरेजचा कायदाच होता, ज्याने हेड बंद केलं त्याचं इंजिन. दुसऱ्याने ते उघडून बघायचं नाही. बघितलं तर सगळ्यांसमोर थोबाडीत मारल्यासारखंच. माझं काही चुकलं की हातातला पाना बोटांच्या पेरांवर बसायचा. उजव्या हाताचं मधलं बोट माझं अजून नीट मिटत नाही.

शेवटची दोन वर्षं मात्र पिस्टन बसवताना ते मला समोर बसवायचे. शिकवायला नव्हे हां. पिस्टनमधून आरपार एक पिन जाते. ती बाहेर सरकू नये म्हणून दोन्ही टोकांना तारेचं बारीक कडं बसवतात, त्याला आम्ही लॉक म्हणायचो. लॉक खाचेत नीट बसलं की टक् असा आवाज येतो. वडील लॉक दाबायचे आणि मान वर करून माझ्याकडे बघायचे. मी मान हलवली की दुसरं लॉक घ्यायचे. ते दाबूनही तसंच बघायचे. माझेच कान वापरायचे आणि वर मलाच गाढव म्हणायचे.

डोंबिवलीच्या एका कारखानदाराला रेसचा नाद लागलेला. त्याच्याकडे कार्ट होती, जमिनीला चिकटून पळणारी उघडी छोटी गाडी, सीटच्या बाजूलाच टू-स्ट्रोक इंजिन. कल्याणच्या पुढे एका बंद कारखान्याच्या आवारात रविवारी टायर रचून रेस लावायचे. शनिवारी सकाळी तो स्वतः इंजिन घेऊन आला. म्हणाला, दम राहिला नाही हिच्यात, उद्या रेस आहे, वरचं सगळं नवीन करा.

आम्ही हेड उतरवलं, पिस्टन ज्यात वरखाली होतो तो ब्लॉक काढला. काजळी खरवडायचं काम अर्थात माझं. वडिलांनी नवी रिंग ब्लॉकमध्ये सरकवून तिची फट बघितली, इंजिनाच्या खालच्या उघड्या तोंडात काही पडू नये म्हणून चिंधी कोंबली आणि पिस्टन हातात घेतला. शेठ स्टुलावर बसून चहा पीत होता. सहज म्हणाला, आज मुलाला बंद करू द्या की हेड. ओठ बघून वडिलांना कळलं असावं.

“ह्याने हेड बंद केलं तर तुमची गाडी नाही, तुम्हालाच उचलून आणावं लागेल.”

शेठ हसला. दारात दोन गिऱ्हाइकं उभी होती, ती हसली. मीही हसलो, काय करणार.

पहिलं लॉक बसलं. टक्. मी मान हलवली. दुसरं दाबलं आणि काहीच आवाज आला नाही. हायवेवरून ट्रक गेला म्हणून माझी चूक झाली, असं मी नंतर बायकोला सांगितलं. साफ खोटं. ट्रकबिक काही नव्हता. वडिलांनी मान वर केली. त्या नजरेत हुकूम असता तर कदाचित मी बोललो असतो. पण तिच्यात विनवणी होती, आणि तिचाच मला संताप आला. मघाशी चार लोकांत माझी लाज काढली आणि आता माझ्या तोंडाकडे बघतोस काय?

मी मान हलवली.

ब्लॉक खाली सरकला तसं लॉक दिसेनासं झालं. हेडचे नट आवळेपर्यंत मला बोलता आलं असतं. म्हटलं, कायदा तुमचाच ना, दुसऱ्याने बघायचं नाही. मला काय हवं होतं ते सांगतो. इंजिन सगळ्यांसमोर जाम व्हावं, ह्यांची चव जावी आणि इंजिनं बांधायचा त्यांचा बाक माझ्याकडे यावा. गाडीत एक माणूस बसणार आहे हे डोक्यात आलं नाही असं नाही. आलेलं. गाडी थांबेल, दुसरं काय होणार, अशी मी स्वतःची समजूत घातली.

रविवारी शेठ स्वतः कार्टमध्ये बसला, आम्ही दोघं कडेला उभे. सहाव्या फेरीला इंजिनातून कराकरा आवाज आला, मागची चाकं जागच्या जागी अडकली आणि कार्ट गर्रकन फिरून टायरांवर गेली. शेठ बाहेर फेकला गेला. गळ्याजवळचं हाड मोडलं, हात लोंबत होता, तरी दवाखान्यात जायला तयार नाही. आधी इंजिन उघडा म्हणाला. वडिलांनी तिथेच उघडलं. लॉकचे दोन तुकडे झालेले आणि ब्लॉकच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चर पडलेला.

हेड तुम्हीच बंद केलं ना, असं शेठने विचारलं. वडील पाठमोरे वाकून पिस्टन पुसत होते. त्याने परत विचारलं. सगळे थांबले.

“मोठ्याने बोला शेठ,” मी म्हटलं. “त्यांना ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली.”

कुणीतरी पुढे झाला आणि त्यांच्या डोक्यामागे जोरात टाळी वाजवली. वडिलांनी वळून बघितलं नाही. त्याने परत वाजवली. लोक हसायला लागले.

पुसून झाल्यावर ते उठले, हसणारे चेहरे बघितले आणि मग माझा. सगळं कळलं त्यांना. वाटलं, आता पाना उचलतील. उचलला असता तर बरं झालं असतं. ते माझ्याजवळ आले, लॉकचा मोठा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला आणि विचारलं,

“मग मान का हलवलीस?”

त्यांना वाटलं, ते हळू बोलले. बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही. आवारभर ऐकू गेलं. हसणं थांबलं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी टायरांकडे बघत उभा राहिलो, जसं काही मलाच ऐकू आलं नव्हतं.

सोमवारी वडील कार्ब्युरेटर धुवायच्या घमेल्याजवळ जाऊन बसले. बाक मला मिळाला, पण इंजिन घेऊन कुणी आलं नाही. सहा-सात महिने नुसते चेन आणि पंक्चर केले. शेवटी एका दुपारी चिडून मी आमचीच स्कूटर उघडली. इंजिन चांगलं होतं, उघडायची काही गरज नव्हती. पहिलं लॉक दाबलं, टक् झालं. दुसरं दाबलं, तेही बसलं. मी त्यांच्यासारखीच मान वर केली, त्यांनी मान हलवावी म्हणून.

वडील समोरच बसलेले. मी लॉक हातात घेतलेलं बघून त्यांनी डोळे मिटून घेतले होते.